लोखंडाच्या कट्ट्यावरचा जांभा

मी एक जुना जांभा दगड आहे. हातभर लांब, वीतभर रुंद आणि जवळजवळ तेवढाच जाड. रंग तांबडा, मध्येमध्ये पिवळट, आणि अंगावर भोकेच भोके. पहिल्यांदा बघणारा विचारतो, याला वाळवी लागली आहे का? मित्रांनो, दगडाला वाळवी लागत नाही, एवढे तरी त्याला कळायला हवे. पण मी रागावत नाही. म्हैसूरच्या लोकांना करडा, कठीण, ठोकला तर टणटण वाजणारा दगड माहीत. पायरीला तो, जात्याला तो, देवळाच्या खांबाला तो. त्याच्या शेजारी माझे तोंड म्हणजे देवीचे वण उठलेले. कोकणातल्या मुलांना मात्र माझी ओळख सांगायला नको. त्यांच्या घराच्या भिंतीत माझे भाऊबंद असतील.

ही भोके कशी पडली, मी समुद्राकाठून म्हैसुरात कसा आलो आणि एका मुलीचे शिक्षण माझ्यापायी कसे बंद पडता पडता राहिले, ते आज सांगतो. सांगता सांगता मध्येच मी कोणाचे तरी आभार मानू लागेन. ती माझी खोडच आहे. ज्याला घडायला लाखो वर्षे लागली, त्याच्यावर उपकार करणारेही पुष्कळ असणार.

माझा जन्म मंगळूरच्या बाजूच्या एका सपाट माथ्याच्या टेकडीत झाला. जन्म म्हणतो खरा, पण त्याला तारीख नाही. आधी तिथे काळसर कठीण खडक होता. वर्षातले चार-पाच महिने त्याच्यावर पाऊस कोसळे आणि उरलेले महिने ऊन तापे. पावसाचे कोमट पाणी खडकाच्या भेगांत शिरे आणि जे विरघळेल ते घेऊन समुद्राकडे जाई. आधी क्षार गेले. मग खडकाला कठीणपणा देणारा वाळूचा अंशही हळूहळू गेला. लोखंड मात्र जायला तयार नव्हते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढे, तेव्हा ते थोडेसे सुटे आणि इकडचे तिकडे सरके. उन्हाळ्यात पाणी खाली उतरे, हवा आत येई आणि लोखंड जिथे असेल तिथे गंजून घट्ट बसे. असे किती वेळा झाले हे मी मोजलेले नाही. त्यातून माझ्या अंगात तांबड्या शिरांचे जाळे तयार झाले. शिरांच्या मधल्या जागेत पांढरी-पिवळी मऊ माती राहिली होती. ती पुढे धुवून गेली आणि तिथे भोके उरली. म्हणजे माझ्याजवळ आज जे आहे ते पावसाने ठेवलेले, आणि जे नाही तेही पावसानेच नेलेले. मी त्याला दोन्हींबद्दल धन्यवाद देतो.

टेकडीच्या माथ्यावरचा थर ऊन-वारा खाऊन असा कडक झाला होता की त्यावर पावसाळ्यात गवत उगवे आणि एरवी काही नाही. मी त्याच्याखाली दीड पुरुष खोल होतो. ओला, मऊ आणि अंधारात. त्या कवचाने वरून छप्पर धरले नसते, तर मी केव्हाच ओढ्यातून वाहून गेलो असतो. छप्पन साली राज्यांची नवी मांडणी झाली आणि माझी टेकडी मद्रासकडून म्हैसूर राज्यात आली. मी जागचा हललोसुद्धा नव्हतो. लाखो वर्षांत माझ्या बाबतीत एवढी झटपट दुसरी कुठलीही गोष्ट झाली नव्हती.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत मला उजेड दिसला. खाणीतल्या माणसांनी कुऱ्हाडीसारख्या लांब दांड्याच्या हत्यारांनी मला चारही बाजूंनी कापून काढले. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण जमिनीतला जांभा चांगला मऊ असतो. नखाने ओरखडा उमटतो. एकदा हवा आणि ऊन लागले की तो कडक होऊ लागतो आणि मग कितीही पाण्यात घातला तरी पुन्हा तसा मऊ होत नाही. म्हणून खाणवाले आम्हाला कापून उन्हात रचून ठेवतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय भिंतीत घालत नाहीत.

मला उन्हात ठेवून आठवडाही झाला नव्हता, तोच म्हैसूरच्या एका कॉलेजची सहल खाणीवर आली. भूशास्त्र शिकणारी ती मुले. सतरा मुलगे आणि एकच मुलगी. तिचे नाव कमलाक्षी. तिने माझ्यावर नखाने रेघ ओढली आणि ती उमटलेली पाहून तिचे डोळे मोठे झाले. खाणीतल्या म्हाताऱ्याने तिला सांगितले की हा आत्ता कच्चा आहे, वर्षभराने याच्यावर नखच मोडेल. तिला ते आपल्या डोळ्यांनी बघायचे होते. तिने मला मागून घेतले. बसचा ड्रायव्हर कुरकुरला, मुलगे हसले, मास्तरांनी विचारले की एक लहान तुकडा नाही का चालणार. ती म्हणाली, नाही, पूर्ण हवा. ही मुलगी हट्टी आहे हे मला तिथेच कळले. तिच्या त्या हट्टावरच मी आजवर जगलो आहे.

मडिकेरीचा घाट चढून, हुणसूरचा रस्ता धरून बस म्हैसूरकडे आली. शहराच्या अलीकडे हिनकल लागते. आज तिथे घरांची दाटी आहे. तेव्हा शेते होती, तळे होते आणि रस्त्याला लागून गुंडुरावांचे रंगाऱ्याचे अंगण होते. गुंडुराव म्हणजे कमलाक्षीचे वडील. त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आले. घरात मराठी, दारात कन्नड आणि हाताला कायम कसला ना कसला रंग. मला बसमधून उतरवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, की याला काही लोखंडी लावलेले नाही ना. कमलाक्षी हसून म्हणाली, नाही. ती चुकीचे बोलली, पण तिला ते तेव्हा ठाऊक नव्हते.

हा प्रश्न का, ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. जुन्या पद्धतीने तांबडा रंग चढवायचा, तर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावे लागते. मग तुरटी, मग मंजिष्ठेच्या मुळांची उकळी. हिरड्याने ओले झालेले कापड लोखंडाला लागले की काळे पडते आणि तो काळा डाग काही केल्या जात नाही. म्हणून गुंडुरावांच्या अंगणात भांडी तांब्याची आणि मातीची. दोरी बांधायला खिळा नाही, लाकडी खुंटी. फाटकाबाहेर एक ओटा होता, त्याला घरात लोखंडाचा कट्टा म्हणत. अंगणात पाऊल टाकण्याआधी ज्याच्याजवळ जे लोखंड असेल ते तिथे काढून ठेवायचे. गुंडुरावांच्या पत्नी इंदिराबाई कमरेच्या किल्ल्यासुद्धा तिथे ठेवत. पाहुण्यांच्या छत्र्याही तिथेच. अशा घरात मला फाटकातून आत नेले आणि विहिरीजवळ सावली सोडून, छान ऊन लागेल असे ठेवले.

ते दिवस मी विसरणार नाही. दर रविवारी कमलाक्षी वही घेऊन येई, माझ्यावर नख ओढी आणि लिहून ठेवी: ओरखडा स्पष्ट, ओरखडा अस्पष्ट. मी कडक होत होतो आणि त्याची कोणी नोंद ठेवत होते. माझी एवढी विचारपूस त्याआधी कोणी केली नव्हती. इतर वेळी गुंडुराव माझ्यावर बसून विडा चघळत. आणि इंदिराबाईंना तर मी फारच आवडलो. ओल्या कापडाची घडी ठेवायला त्यांच्याकडे लाकडी पाट होता, पण तो पाण्याने फुगून वाकडा झाला होता. एकदा त्यांनी धुतलेले पंचे पिळून माझ्यावर ठेवले, तर सगळे पाणी माझ्या भोकांतून निथळून गेले. त्या लेकीला म्हणाल्या, "किती शाणा कल्लु आणलीस गे. पाणी आपलं आपणच पिऊन टाकतो."

कल्लु म्हणजे कन्नडमध्ये दगड. दगडाला शहाणा म्हणणाऱ्या त्या पहिल्याच, आणि बहुधा शेवटच्याही. मी फुशारलो. आता वाटते, तेव्हाच थोडे ओशाळायला हवे होते.

पुढच्या वर्षीच्या माघी एकादशीला त्यांच्या समाजाच्या विठ्ठल मंदिरात नवा चांदवा लावायचा होता. देवाच्या डोक्यावर जे छत बांधतात तो चांदवा. दर बारा वर्षांनी तो बदलत आणि तो जुन्या पद्धतीनेच रंगवायचा अशी रीत होती. एरवी गुंडुरावही बाजारात मिळणारे डब्यातले रंगच वापरत. पण हे काम देवाचे, आणि जुनी रीत हातात असलेले ते एकटेच उरले होते. पूर्ण तांबडा, डाग नसलेला चांदवा. महिनाभर ते त्या एका कापडामागे होते. शेणात भिजवले, धुतले, उन्हात पांढरे केले, पुन्हा धुतले. एकादशीला दहा दिवस उरले असताना त्यांनी ते हिरड्याच्या पाण्यात घातले.

सकाळी इंदिराबाईंनी कापड पिळले. वाळत घालायच्या दोऱ्या भरल्या होत्या, म्हणून त्यांनी त्याची घडी करून थोडा वेळ माझ्यावर ठेवली आणि वर एक पाण्याची घागर. तेवढ्यात नंजनगूडहून त्यांची नणंद आली. चहा झाला, गप्पा झाल्या, जेवणे झाली. घडी माझ्यावर तशीच राहिली. मित्रांनो, ते पाणी माझ्या शिरांत उतरत होते आणि माझ्यातले काहीतरी कापडात चढत होते. मला ते जाणवत होते, पण थांबवणे माझ्या हाती नव्हते. दुपारी कापड उलगडून दोरीवर टाकले, तर एका कोपऱ्यात काळे डाग होते. उन्हाने ते आणखी गडद झाले.

गुंडुराव आले आणि दोरीसमोर उभे राहिले. त्यांनी कापडाची ती कड हातात घेतली आणि खूप वेळ सोडली नाही. मग अंगणात लोखंड शोधायला लागले. कट्ट्यावर किल्ल्या होत्या, नणंदेची छत्री होती, अडकित्ता होता. सगळे जागेवर. मग माझ्या मागे त्यांना हातोडा सापडला. तो कॉलेजचा होता, खडक फोडायचा. सकाळी कमलाक्षीने त्या हातोड्याने माझा एक लहान टवका काढला होता आणि घाईत तो तिथेच विसरून कॉलेजला गेली होती.

संध्याकाळी ती आली तेव्हा गुंडुराव माझ्यावर बसले होते आणि हातोडा त्यांच्या पायाशी होता. त्यांनी तिला कापड दाखवले. तिने हातोड्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. चूक आपली, हे तिनेही मानले. गेले वर्षभर घरात एक विषय चालू होता. परीक्षेनंतर तिला पुढे विद्यापीठात, मानसगंगोत्रीत जाऊन याच विषयात एम.एस्सी. करायचे होते. गुंडुरावांनी नाही म्हटले नव्हते आणि हो पण म्हटले नव्हते. तो निकाल त्यांनी त्या संध्याकाळी दिला, माझ्यावर बसून.

"कमळी, हे हातोड्याचं शिक्षण माझ्या अंगणात नको. उद्या हा कॉलेजात देऊन ये. परीक्षा दे, मग पुढचं बिडु. सोडून दे."

"सरि अप्पा," ती म्हणाली. बरं म्हणायची तिची ती पद्धत होती. तिने हातोडा उचलला आणि बाहेर कट्ट्यावर ठेवून आली.

मित्रांनो, मला शंभर भोके आहेत, पण तोंड एकही नाही. मला ओरडून सांगायचे होते की चोर मी आहे, तुम्ही ज्याच्यावर बसला आहात तो. हातोड्याचा काही दोष नाही आणि त्या पोरीचाही नाही. ज्या मुलीने मला मागून घेतले, जी दर रविवारी माझी चौकशी करी, तिचे पुढचे आयुष्य माझ्या अंगातल्या लोखंडाने काळे होत होते आणि मी गप्प होतो. मला माझ्या घट्टपणाची तेवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कॉलेज बंद, म्हणून हातोडा आणखी एक दिवस राहिला. सकाळी कमलाक्षी सवयीने वही घेऊन आली. रडून डोळे सुजले होते, तरी आली. तिने माझ्यावर नख ओढले. ओरखडा उमटला नाही. ते लिहायला तिने वही उघडली आणि तशीच थांबली, कारण नख जिथून गेले तिथे माझ्या तांबड्या शिरा काळसर झाल्या होत्या. भोकांच्या कडाही काळ्या. तिने बोट ओले करून पुसून पाहिले. गेले नाही.

ती धावत जाऊन चांदव्याचे कापड घेऊन आली आणि डागांचा कोपरा माझ्यावर पसरला. थोडा इकडे सरकवला, थोडा तिकडे. मग तो बसला. जिथे कापडावर काळे, तिथे माझी शीर. जिथे कापड कोरे, तिथे माझे भोक. घडीच्या दुसऱ्या पदरावर तोच ठसा फिकट आणि उलटा उमटला होता. तिने वडिलांना हाक मारली.

"अप्पा, हातोड्याला भोकं नाहीत. हे नोडी, बघा तरी. जिथे कोरं राहिलंय, तिथे दगडाला भोक आहे."

गुंडुराव आले, वाकले आणि त्यांनी कापड स्वतः दोनदा उचलून पुन्हा बसवले. ते मुलीच्या बोलण्याने पटणारे नव्हते. पण कापडाने सांगितलेले ते कधी नाकारत नसत. त्यांनी एक पांढरी चिंधी हिरड्याच्या पाण्यात बुडवली, पिळली, माझ्या कोऱ्या बाजूवर ठेवली आणि वर घागर ठेवून समोर बसून राहिले. विडासुद्धा खाल्ला नाही. इंदिराबाई दारात उभ्या राहून देवाचे नाव घेत होत्या, कारण घडी माझ्यावर ठेवणाऱ्या त्याच, हे त्यांच्या लक्षात आले होते. दुपारी गुंडुरावांनी चिंधी उचलली. ती काळी होती.

"दगडात लोखंड?" त्यांनी विचारले.

"पावसानं बाकी सगळं धुवून नेलं अप्पा. लोखंड तेवढं राहिलं," ती म्हणाली. मग तिने त्यांना मी कसा झालो ते सांगितले. खाणीवर ऐकलेले, वर्गात शिकलेले आणि वहीत लिहिलेले. गुंडुरावांना हिरडा, तुरटी, लोखंड यांचे स्वभाव चाळीस वर्षे हातांनी ठाऊक होते. त्यांचे पाण्यातले नाते लेकीच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकत होते. मध्ये मध्ये ते मान हलवत आणि एखादा प्रश्न विचारत. एका प्रश्नाचे उत्तर तिला आले नाही, तेव्हा ते म्हणाले, हे तुला पुढच्या शिक्षणात सांगतील. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आले असावे, कारण ते एकदम हसले.

"लोखंड बाहेर ठेवा म्हणून मी सगळ्यांना सांगतो. आणि काल लोखंडावर बसूनच तुला बोल लावला, अल्वा? नाही का?" ते म्हणाले. "हातोडा एवढ्यात परत देऊ नकोस. अजून शिकायचं आहे तुला."

कमलाक्षीने वही मिटली. ती माझ्यावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. तिचे दोन थेंब माझ्या भोकांत पडले आणि मी ते पिऊन टाकले.

चांदव्याचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. नवीन कापड पांढरे करायला महिना लागतो आणि हाती आठ-नऊ दिवस होते. गुंडुरावांनी गुळाच्या पाण्यात आंबवलेल्या गंजक्या लोखंडाचा काळा रंग घेतला. डाग लपवत बसले नाहीत. माझ्या ठशासारखेच वेडेवाकडे काळे ठिपके त्यांनी सगळ्या चांदव्यावर हाताने उमटवले आणि कोपऱ्यातला माझा खरा ठसा तसाच ठेवला. मग तुरटी, मग मंजिष्ठा. तांबड्या जमिनीवर काळे ठिपके असा तो चांदवा एकादशीला देवावर चढला. काळ्या विठ्ठलाच्या डोक्यावर काळे ठिपके किती शोभतात, असे लोक म्हणाले. गुंडुरावांनी कोणाला काही सांगितले नाही.

मला मात्र त्यांनी चिंधी काळी झाली त्याच दिवशी उचलून फाटकाबाहेर नेले आणि लोखंडाच्या कट्ट्यावर ठेवले. इतरांना ती शिक्षा वाटली असेल. मला तो मान वाटला. किल्ल्या, अडकित्ते, छत्र्या यांच्या पंक्तीत माझी गणती झाली. मी काय आहे हे ओळखून मला कोणीतरी जागा दिली होती.

कमलाक्षी शिकली. नोकरीला लागली, खडक तपासत देशभर फिरली. बारा वर्षांनी चांदवा उतरवला तेव्हा त्याचे तुकडे प्रसाद म्हणून घरोघर वाटले आणि कोपऱ्याचा तुकडा तिने मागून घेतला. पुढे गुंडुराव गेले, मग इंदिराबाई गेल्या. रंगाचे अंगण बंद झाले आणि हिनकलची जागा विकली. त्यांचा धाकटा मुलगा मंजुनाथ म्हैसुरातच सरस्वतीपुरममध्ये राहायला आला. आईची एक तांब्याची घागर आणि मी, एवढे त्याने बरोबर आणले. मला का आणले हे त्याला नीट सांगता आले नसते. तेवढ्याबद्दलही मी त्याचा ऋणी आहे.

त्याने मला घरामागच्या बदामाच्या झाडाखाली टाकले आणि विसरला. हे झाड हिरड्याचेच जवळचे नातलग आहे. मोठमोठी लालसर पाने माझ्यावर पडत, पावसात कुजत, आणि त्यांचे काळे पाणी माझ्या भोकांतून झिरपे. मुळे आत शिरली. जे लोखंड लाखो वर्षे पावसाला बधले नाही, ते पाल्याच्या आंबट पाण्याला हळूहळू वश झाले. माझी एक बाजू फिकट झाली, मग ठिसूळ झाली, मग झडू लागली. पंचवीस-तीस वर्षांत माझा एक कोपरा माती होऊन जमिनीला मिळाला. आधी वाईट वाटले. नंतर त्या मातीत एक अबोलीचे रोप आले, आणि वाटले, मी मातीतूनच तर आलो होतो. पण सगळाच्या सगळा एवढ्यात जायला मी तयार नव्हतो, हेही खरे.

मग एका वर्षी मागची जागा सिमेंटने सपाट करायचे ठरले. गवंड्याने मला पायाने ढकलून पाहिले आणि ढिगात टाकायच्या वस्तूंत मोजले. त्याच आठवड्यात कमलाक्षी निवृत्त होऊन कायमची भावाकडे राहायला आली होती. केस पांढरे, गुडघे दुखरे. तिने मागच्या दारातून मला पाहिले.

"अक्का, हा झिजलेला कल्लु ठेवून काय करायचा?" मंजुनाथ म्हणाला. "सुम्ने, उगाच जागा अडवतो."

ती आत गेली आणि ट्रंकेतून एक जुना तांबडा तुकडा घेऊन आली. माझ्यावरची ओली पाने तिने हाताने झाडली आणि तुकडा माझ्यावर पसरला. लोखंडाचा काळा रंग सुती कापडाला वर्षानुवर्षे खात राहतो. जिथे माझे डाग होते तिथे कापड विरून आरपार भोके पडली होती. तिने तो तुकडा इकडे तिकडे सरकवला. झडलेल्या बाजूला काही जुळेना. पण शाबूत बाजूला कापडाचे एकेक भोक माझ्या शिरांवर बसले आणि प्रत्येक भोकातून मी तांबडा दिसू लागलो. चाळीस वर्षांपूर्वी मी त्याला दिलेले डाग जाऊन आता त्याची आणि माझी अशी गाठ पडली होती.

"अप्पांचं कापड ना हे?" मंजुनाथने हळूच विचारले.

"अप्पांचं. चोर हाच आणि साक्षीदारही हाच," ती म्हणाली. "हा नसता तर हातोडा परत दिला असता मी, मंजू."

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरामागे एखादा जुना दगड असेल, तर त्याच्यावरची कुजकी पाने अधूनमधून झाडा आणि त्याच्याखाली पाणी तुंबू देऊ नका, एवढेच मागतो. आणि कोणाला बोल लावायचा असेल, तर आधी आपण कशावर बसलो आहोत ते बघा.

मंजुनाथने गवंड्याला थांबवले. अबोलीभोवतीची, माझ्या मातीची तेवढी जागा उघडी ठेवून बाकीचे सिमेंट झाले. मला पुढच्या फाटकापाशी दोन विटांवर कोरड्यात बसवले. आता घरात येणारे माझ्यावर स्कूटरच्या, कुलपांच्या किल्ल्या ठेवतात. का ठेवायच्या हे सगळ्यांनाच ठाऊक आहे असे नाही, पण ठेवतात. आणि सगळ्यात पहिल्यांदा, मला बसवले त्याच दिवशी, कमलाक्षीने आपल्या पिशवीतून हातोडा काढून माझ्यावर ठेवला होता.